पाहुणचार

पहाटे चारला वाळूवर पाणी मारतो मी.
जास्त झालं तर पंजा रुततो,
कमी पडलं तर वळणावर हाड मोडतं.
किती, ते कुठल्या यंत्रावर दिसत नाही.
केक झाला का पाहायला बायको सुरी खुपसते,
तसं बोट खुपसतो मी. एकवीस वर्षं.

यंदा राष्ट्रीय परिषद वेन्सली फ्लॅटला आली.
आली म्हणजे, सात वर्षं अर्ज करकरून क्लबनं आणली,
आणि परिषदेच्या शेपटाला अजिंक्यपदाची शर्यत.
"टास्मानियाची शोभा होऊ देऊ नका," क्लेम हॅड्रिक बजावत फिरला.
मग शौचालयांना रंग दिला.
दोन्ही मोटेलं भरली, उरलेले पाहुणे
शाळेच्या वसतिगृहात, पोरांच्या आखूड खाटांवर.
कुत्री रात्रीच्या बोटीनं सामुद्रधुनी ओलांडून आली,
ट्रेलरच्या कप्प्यांत, ओकत, निमूट.
पर्थवाल्यांनी कुत्र्यांसाठी पाणीसुद्धा घरून आणलं होतं.
तुमच्या पाण्याचा भरवसा नाही,
हे त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं.

मलाही गळ्यात अडकवायला बिल्ला मिळाला:
आयव्हर क्विल्टी, यजमान.
आडनावातलं एक अक्षर चुकलेलं. चालायचंच.

सभागृहात गालिचा नवा, वास जुनाच,
ओल्या लोकरीचा आणि सॉसेज रोलचा.
सिडनीच्या बाईंनी पडद्यावर तीन खांब उभे केले:
जन्मलेली. धावलेली. घर मिळालेली.
दुसरा पहिल्याच्या खांद्याला लागत होता,
तिसरा दुसऱ्याच्या गुडघ्याला.
"पण तिसरा दरवर्षी वाढतोय," बाई म्हणाल्या,
आणि ते खोटं नव्हतं, म्हणून टाळ्या पडल्या.
मागच्या रांगेत मर्ल टंक्स कुत्र्याचा कोट विणत बसलेली,
वय अठ्ठ्याहत्तर, हाताखालून चारशे कुत्री गेलेली.
सुया न थांबवता तिनं विचारलं,
"वजाबाकी कुणी केली का?"

चहा दहा मिनिटं आधीच जाहीर झाला.

चहाला तिच्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही.
मीही नाही.
मी बिस्किटांकडे पाहत होतो.

अंतिम फेरी शनिवारी, रात्री आठ चाळीसला.
सहा नंबरच्या पेटीत, हिरव्या कोटात, ब्रॅम्बल ॲट नून.
हे कागदावरचं नाव. खायला बोलावताना तिला पेग म्हणायचे.
दारं उघडली, सात सुटली.
पेग पेटीच्या तोंडाशी उभी राहिली
आणि दिव्यांकडे बघत बसली,
भलत्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी.
एकोणतीस सेकंद आणि थोडे चिल्लर.
कुणी जिंकलं. फटाके झाले.
माझी वाळू धरून राहिली, वळणावर कुणी पडलं नाही.
आभाराच्या भाषणात
केटररचं नाव आलं, तंबूवाल्याचं आलं.

रविवारी सकाळी बॅलरॅटच्या मालकानं
बॉनेटवर कागद ठेवला.
"हिला परत बोटीवर कशाला न्यायचं," म्हणाला,
आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडाकडे बघत गिळलं.
"आण इकडे," मी म्हणालो.
सही करायला त्यानं माझंच पेन घेतलं.

आता वाळू सपाट आहे, बॅनर उतरलेत,
बिल्ला टेबलाच्या खणात.
मर्लनं कोट पाठवला, निळा, पोटाशी जरा सैल.
आणि मला आज कळलं की पेगला पायऱ्या ठाऊक नाहीत.
तीन वर्षांच्या आयुष्यात सगळं सपाटच होतं:
पेटी, ट्रेलर, गोल.
माझ्या ओसरीला तीन पायऱ्या.
खाली उभी राहून थरथरत होती.
मी पुढचा एक पंजा उचलून वर ठेवला,
मग दुसरा, मग मागचे,
मग ती खाली घसरली, मग पुन्हा.

घड्याळ लावलं होतं, सवयीनं.
चौदा मिनिटं.
कुठल्या खांबात मांडायचे ते बाईंना विचारायला हवं.